पोर्तुगीज घरच्या सणाचं गोडधोड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोर्तुगालात सून किंवा जावई झालेली, तिकडे शिकायला-नोकरीला असलेली आणि मुलांच्या सासरी पहिल्यांदाच सणाला निघालेली आईवडील मंडळी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. माझं सासर उत्तरेकडचं, मिन्यू भागातलं. त्यामुळे उत्तरांचा कल तिकडचा आहे. दक्षिणेत रीत वेगळी असेल तिथे तसं सांगितलं आहे.

१. आम्ही पहिल्यांदाच मुलीच्या सासरी नाताळ करणार आहोत. गोड नेमकं कधी वाढतात?

मुख्य जेवण २४ डिसेंबरच्या रात्री असतं, त्याला कॉन्सोआदा म्हणतात. जेवण साधंच: खारवून वाळवलेला बाकल्याव (कॉड मासा) उकडून, सोबत बटाटे, कोबीच्या जातीची मोठी हिरवी पानं, उकडलेली अंडी आणि वरून सढळ हाताने ऑलिव्हचं तेल. उत्तरेत काही घरी ऑक्टोपसही असतो. चर्चच्या जुन्या नियमाप्रमाणे त्या दिवशी मांस वर्ज्य, म्हणून मासा.

गोडाचं टेबल वेगळं मांडलेलं असतं, आणि बऱ्याच घरांत ते दुपारपासूनच सजतं. मुलं येता-जाता काहीतरी उचलतात, आजी ओरडल्यासारखं करते. मोठी माणसं जेवण झाल्यावर तिकडे वळतात. मध्यरात्रीच्या मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनेला) जाणारे जाऊन येतात, भेटी उघडल्या जातात, आणि खाणं उशिरापर्यंत चालू राहतं. २५ला दुपारी तेच टेबल पुन्हा. तेव्हा पहिल्या रात्रीच सगळं चाखायची घाई करू नका.

२. टेबलावर हमखास काय असतं? नावं आधीच माहीत असली तर बरं.

उत्तरेत पहिला मान रबनादांचा. शिळ्या पावाचे जाड काप, लिंबाची साल आणि दालचिनी घालून उकळलेल्या दुधात भिजवायचे, फेटलेल्या अंड्यात बुडवून तळायचे आणि दालचिनी-साखरेत घोळवायचे. काही घरी वर साखरेचा नाहीतर मधाचा पाक ओततात. दक्षिणेत याच पदार्थाला ‘फातियाश दोरादाश’ म्हणतात. पाव ताजा असला तर तेलात विरघळतो, म्हणून मिन्यूत नाताळाच्या आधी बेकऱ्यांसमोर खास रबनादांच्या पावासाठी रांग लागते.

तळणीतलेच आणखी दोन: सोन्युश, म्हणजे उकड काढलेल्या पिठात अंडी घालून केलेले पोकळ गोळे (भोपळ्याचेही करतात), आणि फिल्योश. फिल्योशचं पीठ यीस्टने फुगवतात, त्यात संत्र्याचा रस आणि थोडी दारू जाते. बैरा भागातल्या जुन्या बायका गुडघ्यावर स्वच्छ कापड पसरून त्यावर पिठाचा गोळा ताणतात, मधला भाग अगदी पातळ आणि कडा जाड ठेवतात, आणि तसाच उचलून तेलात सोडतात. मधला भाग कुरकुरीत आणि कडा मऊ होते.

मग अलेत्रिया (दुधातल्या शेवया), अरोझ दोस (दूधभात), बोलू रेय (प्रश्न ९) आणि सुकामेवा: अंजीर, अक्रोड, चिलगोजे. मिन्यूत फोर्मीगुश किंवा मेशीदुश नावाचा पाव, मध, सुकामेवा आणि पोर्ट वाइन घालून शिजवलेला दाट गोड पदार्थही असतो. दिसायला अगदी सामान्य, पण मला टेबलावर सगळ्यात जास्त तोच आवडतो.

३. आणि पास्तेल द नाता? पोर्तुगाल म्हटलं की आम्हाला तेवढंच माहीत आहे.

तो सणाच्या टेबलावर बहुधा दिसणार नाही. तो कॅफेतला, रोजचा, कॉफीबरोबर उभ्याउभ्या खायचा पदार्थ. त्याला फार कडक आचेची भट्टी लागते, म्हणून घरी करायच्या फंदात फारसं कुणी पडत नाही. लिस्बनच्या बेलें भागात जेरोनिमुश मठाशेजारी १८३७ पासून जे दुकान आहे, तिथल्यालाच ‘पास्तेल द बेलें’ म्हणतात. बाकी सगळे ‘द नाता’.

पाहुणे येताना पास्तेल द नाताचे खोके घेऊन येतात, यजमान कौतुकही करतात, पण खोकं स्वयंपाकघरातच राहतं. टेबलावर जागा असते ती कुणाच्या तरी हातच्या पदार्थाला. अलेत्रिया अमक्या आत्याची, लैत क्रेम (दूध-बलकांचं कस्टर्ड) तमक्या काकूचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्हालाही कुठला पदार्थ कुणाचा ते लवकर कळलं तर अर्धं सासर जिंकलं म्हणून समजा.

४. प्रत्येक पदार्थात इतके बलक का? नन्स कपड्यांना पांढऱ्याची खळ करायच्या, ही गोष्ट खरी आहे का?

अंड्याचं पांढरं कपड्यांच्या खळीला आणि वाइन नितळ करायला वापरत, हे खरं. बलक उरत, हेही खरं. पण केवळ धुण्यातून एवढी मोठी पाककला उभी राहत नाही. खरी गोष्ट साखरेची आहे. पंधराव्या शतकात मदेरा बेटावर ऊस लागला, पुढे ब्राझीलहून साखर आली, आणि श्रीमंत कॉन्व्हेंटांना ती मुबलक मिळू लागली. जमिनींच्या खंडापोटी कोंबड्या आणि अंडी मठात येत. चांगल्या घरच्या मुली हुंडा घेऊन तिथे राहायच्या, हाताखाली माणसं असायची, वेळ असायचा. आश्रयदात्यांना, बिशपला, पाहुण्यांना भेट म्हणून गोड पाठवणं हा मठाच्या प्रतिष्ठेचा भाग होता.

१८३४ मध्ये सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले. पुरुषांचे मठ लगेच बंद झाले. स्त्रियांच्या मठांना नव्या मुली घ्यायला बंदी झाली आणि शेवटची नन वारली की मठ बंद, असं ठरलं. उत्पन्न आटल्यावर नन्सनी गोड विकून दिवस काढले, आणि मठात राहिलेल्या मुली, मोलकरणी पाककृती बाहेर घेऊन आल्या. म्हणूनच पदार्थांची नावं अशी असतात: ‘ननचं पोट’, ‘देवदूताची हनुवटी’, ‘स्वर्गातली चरबी’.

५. आम्ही अंडं खातो, मांस नाही. गोडात मांस असणारच नाही ना?

असू शकतं, आणि दिसणार नाही अशा जागी. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण ब्रागाचं: पुदीं आबाद द प्रिश्कुश. प्रिश्कुश गावचे पाद्री मानुएल जोआकीं माशादु रेबेलु (१८३४–१९३०) हे नावाजलेले स्वयंपाकी होते. हे पुडिंग त्यांचं. १५ बलक, अर्धा किलो साखर, पोर्ट वाइन, लिंबाची साल, दालचिनी, आणि साधारण ५० ग्रॅम डुकराची चरबी. चरबी पाकात उकळून नंतर गाळून टाकतात, त्यामुळे ताटात तिचा मागमूस नसतो. तकाकी आणि तोंडात विरघळणं मात्र तिचंच.

‘तोसिन्यु दु सेऊ’, म्हणजे वर उल्लेखलेली ‘स्वर्गातली चरबी’, हा बदाम आणि बलकांचा केक. नावात चरबी असली तरी आज पुष्कळ ठिकाणी तो चरबीशिवाय करतात, विचारून घ्या. डुकराची चरबी, तिकडची बान्या, मदेराच्या बोलू द मेलमध्ये परंपरेने असते, आणि काही तळणीच्या पारीत आणि पापुद्र्याच्या पिठातही. थंड करून सेट केलेल्या आधुनिक गोडांत जिलेटिन असतं, तेही प्राण्यांच्या हाडा-कातडीपासूनचं.

याच्या उलट ‘सलाम द शुकुलात’ नावाला आणि दिसायला सलामी सॉसेज, पण आत फक्त कोको, लोणी, अंडं आणि मारी बिस्किटांचे तुकडे. ते बिनधास्त खा.

विचारायचं असं: ‘लेव्हा बान्या?’, ‘लेव्हा जेलातीना?’ म्हणजे यात चरबी/जिलेटिन आहे का. ‘हे व्हेजिटेरियन आहे का?’ असं विचारलंत तर उत्तर हो येईल, कारण गोड म्हणजे मांस नव्हे हेच त्यांच्या डोक्यात असतं.

६. आम्ही अंडंही खात नाही. मग आम्ही उपाशीच का?

उपाशी नाही, पण टेबलाचा मोठा भाग सोडावा लागेल, हे मनाशी धरून जा. तुमच्यासाठी काय उरतं? मार्मेलादा, म्हणजे बिही फळाची घट्ट वडी, चीजबरोबर. भोपळ्याचा दालचिनीयुक्त मोरंबा, रेकैजांव या ताज्या मऊ चीजवर घालून, वर अक्रोड. भाजलेलं सफरचंद. अल्गार्वचे बदाम भरलेले अंजीर. भाजलेले चेस्टनट. अरोझ दोस काही घरी बलकाशिवाय करतात, काही घरी बलक घालून. रंगावरून ओळखायला जाऊ नका, सरळ ‘लेव्हा ओवुश?’ विचारा.

चीजबद्दल एक चांगली बातमी. सेरा दा एश्त्रेला हे मेंढीच्या दुधाचं प्रसिद्ध चीज प्राण्याच्या रेनेटने (वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाने) नाही, तर एका काटेरी रानफुलाच्या तंतूंनी विरजतात. रेनेटमुळे चीज टाळणाऱ्यांना ते चालतं. वरचं कवच गोल कापून आतलं मऊ चीज चमच्याने काढून पावावर लावायचं.

आणि यजमानांना आठवडाभर आधी कळवा. जेवायच्या टेबलावर बसल्यावर सांगितलंत तर त्या माउलीचा जीव कासावीस होतो.

७. दारू कुठल्या पदार्थात असते?

फिल्योशच्या पिठात थोडी अग्वार्देंत (तिकडची कडक दारू), बोलू रेयच्या सुक्यामेव्यात पोर्ट, मेशीदुशमध्ये पोर्ट, आबादच्या पुडिंगमध्ये पोर्ट. मिन्यूत दुधाऐवजी लाल वाइनमध्ये भिजवलेल्या रबनादा करतात. त्या गडद जांभळट दिसतात, चटकन ओळखू येतात. शिजताना बरीच उडून जाते, पूर्ण जात नाही. अजिबात चालत नसेल तर अलेत्रिया, अरोझ दोस आणि दुधातल्या रबनादा घ्या.

८. अलेत्रिया म्हणजे आपली शेवयांची खीरच ना? आपल्या पदार्थांच्या जवळचं आणखी काही आहे का?

साहित्य जवळजवळ तेच, पण अलेत्रियात बलक असतात आणि ती पातळ नसते. काही घरी चमच्याने खायची सैल, काही घरी सुरीने वड्या पडतील इतकी घट्ट. वेलची नाही, पोर्तुगीज गोडाची चव म्हणजे दालचिनी आणि लिंबाची साल.

मला सगळ्यात गंमत वाटली ती अलेन्तेजूच्या अझेवियांची. काबुली चणे शिजवून, वाटून, साखरेत आटवून दालचिनी-लिंबाचं सारण करतात, ते पातळ पारीत भरून अर्धचंद्र कापतात आणि तळतात. म्हणजे आपला कडबूच, चण्याच्या पुरणाचा. नागपंचमीला कडबू खाणाऱ्या माणसाला अझेविया कशी खायची हे शिकवावं लागत नाही. रताळ्याच्या सारणाचीही करतात. पारीत चरबी आहे का, तेवढं विचारा (प्रश्न ५).

९. बोलू रेयमध्ये म्हणे कडधान्याचं बी असतं. ते आपल्याला आलं तर काय करायचं?

हसायचं आणि पुढच्या वर्षीचा बोलू रेय आणायचं कबूल करायचं. फावाचं (एका मोठ्या शेंगेच्या कडधान्याचं) सुकं बी ज्याच्या कापात येईल त्याने पुढचा केक आणायचा, असा नियम. बी कडक असतं, कवळी लावणाऱ्या आजोबांना आधी सावध करा. पूर्वी त्यात धातूची छोटी भेटवस्तूही असायची; ती आता विकतच्या केकमध्ये घालत नाहीत.

हा केक मुळात फ्रान्सचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लिस्बनच्या कॉन्फैतारिया नासियोनाल या मिठाईच्या दुकानाने तो पोर्तुगालात आणला. मध्ये भोक, वर पाकवलेली रंगीत फळं, नाव ‘राजाचा केक’. ५ ऑक्टोबर १९१० ला राजेशाही गेली आणि मिठाईवाल्यांची पंचाईत झाली. काहींनी त्याला ‘राष्ट्राध्यक्षांचा केक’ म्हणून पाहिलं. ते नाव टिकलं नाही, राजा टिकला. नाताळापासून ६ जानेवारीपर्यंत तो खातात. फळं नको असतील तर बोलू रैन्या, ‘राणीचा केक’ घ्या. त्यात फक्त सुकामेवा.

काटेकोर शाकाहारी असाल तर वरच्या लाल चेरीचा रंग लेबलवर पाहा. ‘ई१२०’ असेल तर तो किड्यापासून काढलेला असतो.

१०. अरोझ दोसवर दालचिनीची नक्षी काढतात ती साचा ठेवून का?

नाही, चिमटीने. अंगठा आणि तर्जनी यांत दालचिनीची पूड धरायची, हात ताटाच्या अगदी जवळ न्यायचा आणि दोन्ही बोटं एकमेकांवर चोळत रेघ ओढायची. रांगोळीची सवय असलेल्या हाताला हे पाच मिनिटांत जमतं, आणि तिकडच्या आज्यांना त्याचं भारी कौतुक वाटतं. चौकटी, बदाम, फुलं काढतात. लहान बशा असल्या तर प्रत्येकीवर घरातल्या एकेकाच्या नावाचं आद्याक्षर.

वेळ मात्र सांभाळावी लागते. भात वाफाळता असताना पूड टाकली तर ती ओली होऊन काळपट पसरते. वर साय धरली, हात लावला तर कोमट लागतं, अशा वेळी काढायची.

११. घरी करून बघायचं आहे. पुस्तकात पाकाची ‘फियू’, ‘पेरोला’ अशी नावं असतात. ती आपल्या पाकाशी जुळतात का?

‘फियू’ म्हणजे आपला एकतारी पाक, साधारण १०३ अंश सेल्सियस. ‘पेरोला’ त्याच्या पुढचा, १०८च्या आसपास: चमचा उचलला की तारेच्या टोकाला मोत्यासारखा थेंब लोंबतो. जिला गुळपापडीचा नाहीतर रव्याच्या लाडवांचा पाक जमतो, तिला पोर्तुगीज गोडाचं सगळ्यात कठीण काम आधीच येतं.

अडचण येते ती बलकांची. एक, वशट वास. तो बलकावरच्या पातळ पापुद्र्याचा असतो. बलक गाळणीत ठेवायचे, टोचायचे आणि आपोआप गळू द्यायचे. चमच्याने दाबलंत तर पापुद्रा खाली उतरतो आणि वासही. दोन, गुठळ्या. उकळता पाक बलकांवर एकदम ओतू नका. पाक जरा निवू द्या, धार बारीक ठेवा, ढवळणं थांबवू नका, मग मंद आचेवर परत चढवा. लाकडी चमच्याने तळाशी रेघ ओढली की भांड्याचा तळ क्षणभर दिसला पाहिजे. आवेरूचे ओवुश मोलेश म्हणजे एवढंच: बलक, साखर, पाणी. २००९ पासून त्या नावाला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. ते सारण शिंपल्या-माशांच्या आकाराच्या पांढऱ्या वेफरमध्ये भरतात, नाहीतर रंगवलेल्या छोट्या लाकडी पिंपात.

१२. बारा-पंधरा बलक वापरले, मग पांढऱ्याचं काय करायचं?

त्यासाठीही त्यांच्याकडे पदार्थ आहेत. मोलोतोफ नावाचं उंच, हलकं पुडिंग: पांढरं फेसून कॅरॅमल लावलेल्या साच्यात भाजतात; भट्टीचं दार लवकर उघडलं की ते बसतं, म्हणून थंड होईपर्यंत आतच ठेवतात. फरोफियाश: फेसाचे गोळे दुधात उकडून, त्याच दुधाच्या कस्टर्डवर. मोलोतोफमध्ये बलक नसतात, पण अंडं असतंच, त्यामुळे प्रश्न ६ वाल्यांना उपयोग नाही.

१३. पांव द लो कापला तर आत ओला, जवळजवळ वाहता निघाला. कच्चा राहिला का?

बहुतेक नाही. पांव द लो, म्हणजे अंडी, साखर आणि पिठाचा स्पंज केक, गावागावाचा वेगळा. ओवारचा मधोमध ओलसर असतो, कागद घातलेल्या मातीच्या भांड्यात भाजतात आणि कागदासकट आणतात. अल्फैझेरांवचाही तसाच, पातळ मध्य असलेला. फेल्गैराशच्या मार्गारीदचा मात्र पूर्ण भाजलेला, कोरडा. ओला केक पुन्हा ओव्हनमध्ये घालायचा सल्ला यजमानांना देऊ नका.

१४. गरोदर सुनेने काय टाळावं?

कच्चं अंडं. तिकडच्या घरगुती चॉकलेट मूसमध्ये आणि ‘बाबा द कामेलु’ (आटवलेल्या गोड दुधाचं मूस) मध्ये अंडं बहुधा कच्चंच असतं, आणि हे दोन्ही टेबलावर वारंवार दिसतात. वर सांगितलेला ओला पांव द लोही टाळलेला बरा. तळलेलं, पूर्ण भाजलेलं, अलेत्रिया, दूधभात चालतं. मेंढीचं मऊ चीज बऱ्याचदा न तापवलेल्या दुधाचं असतं, तेही नको. बाकी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

१५. मधुमेह आहे. थोडंसं तरी खावं लागेल ना? नको कसं म्हणायचं?

‘सो उमा प्रोविन्या’ म्हणा: फक्त चवीपुरतं. नकारापेक्षा हे जास्त चालतं, कारण घास घेतला की करणाऱ्याचा मान राहतो. मग करणाऱ्या बाईंचं नाव घेऊन चांगलं झालंय म्हणा. मधुमेह आहे हे सरळ सांगायलाही हरकत नाही. त्यांच्याही घरात कुणाला तरी असतोच. अक्रोड, चीज, भाजलेलं सफरचंद टेबलावर असतं. पाकातल्या पिवळ्या गोडांचा एक लहान तुकडाही फार साखरेचा असतो, तिथे हात आखडता घ्या.

१६. ग्लूटेन किंवा बदाम चालत नसेल तर?

दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध दिशेला नेतात, म्हणून वेगवेगळं पाहा. ग्लूटेन नको असेल तर अरोझ दोस, आणि पीठ न घातलेली बदाम-बलकाची मिठाई. पण बदामाच्या केकमध्येही कधी चमचाभर पीठ असतं. ओवुश मोलेश पिंपातले घ्या, वेफरमध्ये गव्हाचं पीठ असतं. बदामाची अॅलर्जी असेल तर दक्षिणेकडे, विशेषतः अल्गार्वमध्ये, फार जपून: तिथे बहुतेक गोडांत बदाम असतो. चकाकत्या कागदात गुंडाळलेला दों रोद्रिगु वरून अंड्याच्या तारांचा दिसला तरी आत बदाम असतो.

१७. ईस्टरला बोलावलं आहे. टेबल तेच असतं का?

वेगळं. ईस्टरचा मान फुलारचा: गोडसर पावात सालासकट उकडलेली अंडी, वर पिठाच्या पट्ट्यांचा क्रूस. हा नात्याचा पदार्थ आहे. झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) धर्मपुत्र किंवा धर्मकन्या मद्रीन्याला (धर्ममातेला) फुलं देतात आणि ईस्टरला धर्ममातापिता त्यांना फुलार देतात. हल्ली फुलारऐवजी पाकीटही चालतं. तुम्हाला कुणी बाळाचे धर्मपिता केलं असेल तर हा खर्च दर वर्षीचा धरा.

शाकाहाऱ्यांनी इथे सावध राहा: त्राझ-उझ-मोंतिश भागातल्या फुलारमध्ये सॉसेज आणि हॅमचे थर असतात, बाहेरून तो साधा पावच दिसतो. ओल्यांवचा फुलार गोड, दालचिनी-साखरेच्या थरांचा.

उत्तरेत ईस्टरच्या दिवशी क्रूस घेऊन मंडळी घरोघर येतात. उंबऱ्याबाहेर फुलं-पानं पसरतात, घरातली सगळी क्रूसाचं चुंबन घेतात, आणि टेबलावर पांव द लो, साखरेत घोळलेले बदाम आणि पोर्ट ठेवलेलं असतं. तुम्ही दुसऱ्या धर्माचे असाल तर बाजूला उभं राहिलेलं चालतं, कुणी वाईट मानत नाही.

१८. वाढदिवस, बाप्तिस्मा, लग्न?

वाढदिवसाला दिवे मालवून ‘पाराबेंश आ व्होसे’ म्हणतात, चाल आपल्या ओळखीची. घरचा केक म्हणजे बहुधा बोलू द बुलाशा: कॉफीत बुडवलेली मारी बिस्किटं आणि बटरक्रीमचे थर, भट्टी लागतच नाही. बाप्तिस्म्याला आणि लग्नाला साखरेच्या बदामांच्या पुड्या देतात. कोइंब्राच्या आसपास लग्नाशी अरोझ दोस जोडलेला आहे.

१९. यजमानांकडे काय घेऊन जावं? घरी करून नेलं तर आवडेल?

आवडेल, पण त्यांच्याच पदार्थाची आपली आवृत्ती नेऊ नका. तिथे आजीशी स्पर्धा होते. नारळाच्या वड्या चांगल्या चालतात, खोबऱ्याचे गोड प्रकार तिकडेही आहेत. बेसनलाडू लोक कुतूहलाने खातात. वेलची आणि केशर जरा बेतानेच घाला. फुलं न्यायची तर शेवंती नको. ती तिकडे १ नोव्हेंबरला कबरीवर वाहतात.

२०. आम्ही गोव्याचे. बेबिंक पोर्तुगालात मिळतं का? ते मूळ त्यांचंच ना?

सर्वसाधारण पोर्तुगीज घरात बेबिंक नसतं. लिस्बनमधल्या गोवेकर कुटुंबांकडे मिळेल. बलक आणि साखर ही कॉन्व्हेंटची शैली, पण नारळाचं दूध, तूप आणि जायफळ गोव्याचं. जुन्या गोव्याच्या सांता मोनिका कॉन्व्हेंटमधल्या बेबियाना नावाच्या ननची गोष्ट सांगतात, ती दंतकथा म्हणूनच ऐकावी. दोदोल, नेवऱ्या याही तिकडच्या टेबलावर नाहीत. मात्र गोव्यात आवडीने खाल्ली जाणारी सेरादुरा, क्रीम आणि बिस्किटाच्या चुऱ्याचे थर, तिकडे घराघरांत आहे. पेरूची पेराद आवडत असेल तर मार्मेलादा लगेच आपलीशी वाटेल.

गोवा हा एकच थांबा नव्हता. बलक पाकात तारेसारखे सोडायचं तंत्र थायलंडमध्ये आणि जपानमध्येही पोहोचलं, आणि जपानचा कास्तेला केक पांव द लोच्याच घराण्यातला.

२१. परत येताना भारतात काय आणता येईल?

मदेराचा बोलू द मेल: काळा, उसाच्या काकवीचा, मसालेदार आणि महिनोन्महिने टिकणारा. मदेरात तो ८ डिसेंबरच्या सुमारास करतात आणि सुरीने न कापता हाताने मोडतात. चरबीचं प्रश्न ५ मध्ये सांगितलंच आहे. मार्मेलादा, साखरेचे बदाम, भरलेले अंजीर टिकतात. ओवुश मोलेश आणि ओवारचा ओला पांव द लो मुंबईच्या उन्हात आणू नका. रबनादा तर दुसऱ्या दिवशीपर्यंतच; थंडच खातात, मायक्रोवेव्हमध्ये घातल्या की लिबलिबीत होतात.

२२. जेवण झाल्यावर टेबल आवरायला गेले तर सासूबाईंनी थांबवलं. काही चुकलं का?

उत्तरेत काही घरी कॉन्सोआदाचं टेबल रात्रभर तसंच ठेवतात, घरातल्या गेलेल्या माणसांसाठी. सगळीकडे नाही, कधी कधी कारण एवढंच असतं की रात्री दोनला पुन्हा कुणीतरी खायला येणार. विचारल्याशिवाय उचलू नका. भांडी घासायला उभं राहिलात तर मात्र चालतं.

२३. निघताना त्यांनी डबा भरून दिला. रिकामा परत करायचा का?

तिकडे भरून परत करायची रीत नाही. धुऊन, झाकणासकट आणि लवकर परत करा. कुठला डबा कुणाकडे गेला हे आज्यांच्या पक्कं लक्षात असतं, आणि झाकण हरवलं तर दोन नाताळ तोच विषय निघतो. आपल्या सवयीने त्यात चकल्या भरून दिल्यात तर पुढच्या वेळी तोच डबा तुमच्याकडे आधी येईल.